हिऱ्यातला डाग नेमका कुठे आहे ते आधी विचारा

हिरा घ्यायला गेलं की समोरचा माणूस व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय असं काय काय बोलायला लागतो आणि आपण नुसते मान हलवत बसतो, आणि मग सरळ समज होतो की ग्रेड जेवढी वरची तेवढा हिरा जास्त चमकणार. पण तसं नाहीये. चमक मुख्यतः कटवर ठरते, म्हणजे पैलू किती नीट आणि कोणत्या कोनात पाडलेत त्यावर. ही व्हीव्हीएस-एसआय अक्षरं क्लॅरिटीच्या, म्हणजे खडा किती स्वच्छ आहे याच्या ग्रेड आहेत, आणि क्लॅरिटी वेगळंच सांगते: दहा पट मोठं करून बघितल्यावर खड्याच्या आत आणि पृष्ठभागावर काय काय दिसतं, एवढंच.

आता आत काहीतरी असणारच. बहुतेक हिरे जमिनीखाली साधारण 150 ते 200 किलोमीटरवर, प्रचंड दाबाखाली तयार झालेत, तेही शंभरेक कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी. वाढता वाढता शेजारच्या खनिजांचे कण आत अडकतात, गार्नेट, ऑलिविन, क्रोमाइट, कधी तर दुसरा छोटा हिराच. भूगर्भशास्त्रज्ञांना असेच हिरे हवे असतात, कारण तेवढ्या खोलीवरचा दगड तसाच्या तसा हातात यायचा दुसरा मार्ग फार कमी आहे. ब्राझीलच्या एका हिऱ्यात रिंगवुडाइट नावाच्या खनिजाचा बारीकसा कण सापडल्याचं 2014 मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी होतं, आणि त्यावरून 410 ते 660 किलोमीटर खोलीच्या पट्ट्यातल्या खडकांत निदान काही ठिकाणी तरी भरपूर पाणी कोंडलेलं आहे हे कळलं! दागिन्याच्या बाजारात त्या हिऱ्याला कोणी विचारलं नसतं.

ग्रेडिंगची जी पद्धत आज सगळीकडे चालते ती जीआयए या हिरे-रत्नं तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेने 1950 च्या दशकात आणली. त्यात 11 पायऱ्या आहेत, सगळ्यात वर फ्लॉलेस (कुठेच डाग नाही), मग इंटर्नली फ्लॉलेस (आत काही नाही, पृष्ठभागावर बारीक खुणा), मग व्हीव्हीएस, व्हीएस आणि एसआयच्या दोन दोन, आणि शेवटी आयच्या तीन. व्हीव्हीएसमधलं काही शोधायला तज्ज्ञालासुद्धा लूप (दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग) लावून वेळ लागतो, व्हीएसमध्ये थोडं बघितलं की सापडतं, एसआयमध्ये लूपखाली लगेच दिसतं पण नुसत्या डोळ्याला बऱ्याचदा दिसत नाही, आणि आयमध्ये बहुतेक वेळा डोळ्यालाच खटकतं. म्हणजे वरच्या चार पायऱ्यांमधला फरक अंगावर घातलेल्या हिऱ्यात कोणालाच दिसणार नाहीये, आणि पैसे मात्र त्या फरकाचे भरपूर मोजावे लागतात. मला विचाराल तर तेच पैसे चांगल्या कटला घाला.

पण एकाच ग्रेडचे दोन हिरेसुद्धा सारखे नसतात, आणि खरी बघायची गोष्ट ही आहे. ग्रेड देताना डागाचा आकार, संख्या, जागा, प्रकार आणि तो किती उठून दिसतो हे सगळं एकत्र धरतात, आपल्या हातात येतं फक्त शेवटचं अक्षर. समजा एक काळा कण आहे. तो कडेला असला तर सेटिंगच्या प्रॉंगखाली (खडा धरून ठेवणाऱ्या नखीखाली) झाकून जाईल, प्रश्नच मिटला. तोच कण मधल्या मोठ्या सपाट पैलूखाली म्हणजे टेबलखाली, तळाच्या टोकाजवळ असला तर खालचे पैलू त्याची प्रतिबिंबं चहूबाजूंनी वर पाठवतात आणि एका कणाचे सहा-आठ ठिपके गोल करून बसलेले दिसतात. गोल ब्रिलियंट कटमध्ये लुकलुक इतकी असते की बरंच काही लपतं, एमराल्ड कटमध्ये लांब सपाट पैलूंमुळे आतलं स्वच्छ दिसतं, तिथे ग्रेड जरा वरची घ्यावी.

प्रकारही बघा. आतली चीर पांढुरकी, पिसासारखी दिसते म्हणून तिला फेदर म्हणतात. आत खोल असेल आणि छोटी असेल तर काही बिघडत नाही. पण ती कडेपर्यंत म्हणजे गर्डलपर्यंत किंवा टोकदार कोपऱ्यापर्यंत पोचली असेल तर मी तो खडा सोडून देईन, कारण हिरा ओरखड्याला दाद देत नाही हे खरं असलं तरी लाकूड रेषेच्या दिशेने फाटतं तसा तोही ठरावीक चार दिशांना फुटू शकतो, आणि सेटिंग करताना नेमका तिथे दाब पडला तर तुकडा उडतो. दुसरं म्हणजे क्लाउड, अतिबारीक कणांचा पुंजका. छोटा असेल तर काही नाही, पण एसआय2 (एसआयमधली खालची पायरी) हिऱ्याच्या रिपोर्टमध्ये, म्हणजे ग्रेड देणारी लॅब देते त्या कागदावर, ग्रेड क्लाउडमुळे दिली असं लिहिलेलं असेल तर सावध, खडा अख्खाच धुरकट असू शकतो.

चिरेत काच भरून ती लपवलेले हिरेही मिळतात. असा खडा हळूहळू फिरवला की चिरेच्या जागी केशरी-जांभळी-निळी झाक चमकून जाते. ती काच दुरुस्तीच्या वेळच्या आचेने खराब होते, म्हणून जीआयए अशा हिऱ्याला ग्रेडच देत नाही. लेझरने भोक पाडून काळा कण घालवलेला असेल तर ते कायमचं असतं आणि रिपोर्टमध्ये नोंदवलेलं असतं.

बघायचं कसं, तर आधी खडा पुसून घ्या, धूळही डागासारखीच दिसते. लूप अगदी डोळ्याला टेकवा आणि खडा साधारण अडीच सेंटीमीटरवर आणा, दोन्ही डोळे उघडे. वरून बघून झालं की बाजूनेही बघा. मग लूप ठेवून द्या, दुकानातल्या झगमगत्या लाइटपासून लांब, खिडकीपाशी या आणि हाताच्या अंतरावर धरून बघा, तिथे काही दिसत नसेल तर रोज घालतानाही दिसणार नाही.

रिपोर्टवर खड्याचा नकाशा असेल (सगळ्या रिपोर्टांवर नसतो) तर त्यात लाल खुणा आतल्या आणि हिरव्या पृष्ठभागावरच्या. तो जपून ठेवा. पुढे दागिना दुरुस्तीला दिला की परत घेताना लूप लावून तोच फेदर, तोच कण त्याच जागी आहे ना ते बघा, गर्डलवर लेझरने नंबर कोरलेला असेल तर तोही जुळवा, खडा तुमचाच आहे हे तिथल्या तिथे कळतं.