लढाऊ विमानाचं घोडं अडतं कुठे?

लढाऊ विमानं बनवणारे देश जगात बरेच आहेत. त्यांची इंजिनं स्वतःच्या बळावर बनवणारे मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येतात: अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि अलीकडे चीन. स्वीडनच्या ग्रिपेनचं इंजिन मुळात अमेरिकी. दक्षिण कोरियाचं केएफ-21 जुलै 2022 मध्ये उडालं, तुर्कस्तानचं कान फेब्रुवारी 2024 मध्ये, आणि दोन्हींच्या पोटात जनरल इलेक्ट्रिकची इंजिनं होती. चीनच्या जे-20 ताफ्यातली सुरुवातीची विमानंसुद्धा रशियन इंजिनांवर उडत होती. रडारला चकवा देणारा सांगाडा, संगणक, क्षेपणास्त्रं हे सगळं जमवलेल्या देशांचं घोडं इंजिनापाशी अडतं. बातम्यांमध्ये विमानांची संख्या आणि वेग मोजले जातात, पण माझ्या मते खरी चुरस इंजिनाच्या आतल्या, बोटभर लांबीच्या एका पात्यात आहे.

जेट इंजिन पुढून हवा ओढतं, ती दाबतं आणि तिच्यात इंधन जाळतं. त्यातून निघालेला तप्त वायू टर्बाइनची पाती फिरवतो, टर्बाइन पुढच्या, हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला फिरवतं आणि उरलेला वायू मागे सुसाट बाहेर पडून विमानाला पुढे रेटतो. वायू जितका तापवाल, तितका त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त रेटा मिळतो. म्हणून आजच्या लढाऊ इंजिनात टर्बाइनच्या तोंडाशी तापमान 1,500 अंश सेल्सिअसच्याही पुढे गेलेलं असतं. पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात, तो मात्र 1,300 ते 1,400 अंशांच्या आसपासच वितळू लागतो. स्वतः वितळून जाईल इतक्या गरम वाऱ्यात पातं उभं असतं, आणि तेही मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेत. त्या गरगरण्यामुळे काही शे ग्रॅम वजनाच्या पात्यावर काही टनांची ओढ पडते.

मग ते वितळत कसं नाही? पातं आतून पोकळ असतं. कॉम्प्रेसरमधली थोडी हवा त्या पोकळीतून नागमोडी फिरवतात. ही हवाही चांगलीच तापलेली असते, पण बाहेरच्या वायूपेक्षा कितीतरी थंड. पात्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांतून ती बाहेर येते आणि अंगावर पांघरूण घ्यावं तशी धातूला लपेटून राहते. त्याखाली झिर्कोनिया या उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिकचा लेप असतो, जेमतेम मिलिमीटरच्या काही भागाइतका जाड. एवढं करूनही धातू हजार अंशांच्या आसपास तापतोच.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. कोणताही साधा धातू असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो. थंड असताना या कणांमधल्या सीमा धातूला बळ देतात, पण प्रखर उष्णतेत त्याच कच्चा दुवा ठरतात. सततच्या ओढीने धातू तिथे हळूहळू सरकतो, पातं कणाकणाने लांबतं आणि शेवटी तुटतं. अमेरिकेतल्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या धातुशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात यावर उपाय शोधला: सीमाच नकोत, अख्खं पातं एकाच स्फटिकाचं असू द्या.

ते घडवायची रीत अशी. आतल्या पोकळीच्या आकाराचा सिरॅमिक गाभा घेऊन त्याभोवती मेणाचं पातं बनवतात. ते सिरॅमिकच्या राबडीत पुन्हा पुन्हा बुडवून वर कवच चढवतात आणि मग मेण वितळवून काढतात. निर्वात भट्टीत या तापलेल्या साच्यात मिश्रधातू ओतला जातो. साच्याच्या तळाशी पाण्याने थंड ठेवलेली तांब्याची चकती असते. साचा भट्टीतून खाली ओढला जातो, मिनिटाला फक्त काही मिलिमीटर. चकतीवर अनेक स्फटिक उगवतात आणि वर वाढू लागतात. वाटेत मळसूत्रासारखी पिळाची एक अरुंद नळी असते. तिच्या वळणांवर बाकीचे स्फटिक भिंतीला अडून थांबतात, एकच पार होतो आणि तोच वाढत वाढत संपूर्ण पात्याचा आकार घेतो. नंतर आतला गाभा अल्कलीत विरघळवून काढतात आणि स्फटिकाची दिशा क्ष-किरणांनी तपासतात. वेग किंवा तापमान जरा चुकलं, की मध्येच दुसरा स्फटिक उगवतो आणि ते पातं बाद होतं.

मिश्रधातूत रेनियमही घालतात, साधारण 3 टक्के, काही प्रकारांत त्याच्या दुप्पट. उष्णतेत अणूंची हालचाल त्यामुळे मंदावते. रेनियम हा पृथ्वीवरच्या अतिदुर्मीळ धातूंपैकी एक. तांबं आणि मॉलिब्डेनम शुद्ध करताना तो थोडाथोडका हाती लागतो.

धातूपायी विमान अडण्याचा प्रकार जुनाच आहे. 1944 मध्ये जर्मनीचं मेसरश्मिट 262 शत्रूच्या कोणत्याही विमानाहून वेगवान होतं, पण निकेल आणि क्रोमियमच्या टंचाईमुळे त्याचं इंजिन 10 ते 25 तासांत निकामी व्हायचं. युद्धानंतर, 1946 मध्ये, ब्रिटनने आपली नीन इंजिनं सोव्हिएत संघाला विकली. सोव्हिएत अभियंत्यांनी ती उलगडून नक्कल केली आणि 1950 मध्ये त्यांचं मिग-15 लढाऊ विमान कोरियाच्या आकाशात त्याच इंजिनाच्या वारसावर लढत होतं. आज अशी नक्कल करून भागत नाही. पातं कापून त्यात कोणते धातू किती आहेत हे कळतं. भट्टी कशी चालवली, किती पाती बाद झाली आणि त्यातून काय उमगलं, हे त्या तुकड्यात लिहिलेलं नसतं.

म्हणूनच इंजिन विकणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता येते. ज्याचं इंजिन, त्याची परवानगी असल्याशिवाय विमान तिसऱ्या देशाला विकता येत नाही. रणगाड्यांचंही तेच. तुर्कस्तानचा अल्ताय जर्मन इंजिनावर बेतलेला होता. जर्मनीने हात आखडता घेतल्यावर प्रकल्प रखडला आणि शेवटी दक्षिण कोरियाचं इंजिन घ्यावं लागलं. भारताने तेजस या लढाऊ विमानासाठी कावेरी इंजिनाचं काम 1989 मध्ये हाती घेतलं, पण ते अपेक्षित रेट्यापर्यंत पोहोचलं नाही आणि 2008 मध्ये तेजसपासून वेगळं केलं गेलं. तेजस मार्क 1ए साठी 2021 मध्ये अमेरिकेकडे 99 इंजिनं मागवली. त्यातलं पहिलं मार्च 2025 मध्ये हाती आलं. तोवर बनलेले सांगाडे इंजिनाची वाट पाहत राहिले. मात्र हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म प्रयोगशाळेने 2021 मध्ये एकस्फटिकी पाती घडवून 60 पाती हेलिकॉप्टर इंजिनासाठी दिली. कावेरीच्या अपयशाची चर्चा जितकी होते, तितकी या कामाची होत नाही, आणि ती व्हायला हवी.

निकेलची मजल आता संपत आली आहे. पुढचा उमेदवार म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंनी मजबूत केलेलं सिरॅमिक. त्याचं वजन निकेल मिश्रधातूच्या जेमतेम एक तृतीयांश आणि उष्णता सोसण्याची ताकद जास्त. जनरल इलेक्ट्रिकने अशी फिरती पाती एफ414 इंजिनात चालवून पाहिली आहेत. अडचण एवढीच, की इंधन जळताना तयार होणारी पाण्याची वाफ या सिरॅमिकला खात जाते. त्यामुळे त्यावरही वेगळा संरक्षक लेप द्यावा लागतो, आणि सध्या संशोधकांची बरीचशी झटापट त्या लेपाशीच चालली आहे.