शो ट्यून आणि जॅझ स्टँडर्ड: गाणं एकच, मग फरक काय?

जुनं ब्रॉडवेचं (न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांचं) गाणं कानावर पडलं की बरेच जण लगेच त्याला जॅझ स्टँडर्ड म्हणून मोकळे होतात, आणि कधीकधी ते बरोबरही असतं, पण शो ट्यून म्हणजे म्युझिकलसाठी, म्हणजे संगीत नाटकासाठी, लिहिलेलं गाणं, ते कुठून आलं एवढंच त्यातून कळतं, आणि स्टँडर्ड हा दर्जा नंतर ते पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्यांनी दिलेला.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण 'ऑल द थिंग्ज यू आर'. चाल जेरोम कर्नची, शब्द ऑस्कर हॅमरस्टाईनचे, १९३९ चं 'व्हेरी वॉर्म फॉर मे' हे म्युझिकल. शो साफ पडला, ५९ प्रयोगांत गुंडाळला. आज त्याची गोष्ट जॅझवाल्यांना विचारा, क्वचितच कुणी सांगेल, पण जॅम सेशनला (वादकांच्या उत्स्फूर्त मैफलीला) गाण्याचं नुसतं नाव घ्या, सगळे वाद्यं सरसावतात. गाण्याआधीचा व्हर्स, म्हणजे प्रस्तावनेसारखा भाग, त्यांनी बहुतेक वेळा सोडूनच दिला आणि उरलेले ३६ बार (मात्रांचे छोटे गट) घेतले, चाल एकदा वाजवायची आणि मग त्याच कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांवर) फेऱ्यांमागून फेऱ्या सोलो. ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीने १९४५ मध्ये सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करबरोबर ते रेकॉर्ड केलं तेव्हाचा इंट्रो आजही लोक वाजवतात, म्हणजे कर्नने न लिहिलेला भागसुद्धा आता गाण्याचाच झालाय!

हेच गाणं का टिकलं? कारण चाल गुणगुणायला सोपी आणि खाली कॉर्ड्स सतत घर, म्हणजे आधाराचा सूर, बदलत असतात. मधला भाग संपतो तिथे एक लांब सूर आहे, जी शार्प, खाली ई मेजर. तोच सूर धरून ठेवायचा, पियानोवर तीच काळी पट्टी, खाली कॉर्ड्स सरकतात आणि एफ मायनर आली की तो ए फ्लॅट होतो, आपण परत सुरुवातीच्या घरात. मी शेकडो वेळा ऐकलंय, अजून तिथे अंगावर काटा येतो.

उलटंही असतं बरं का. जॅझ पियानिस्ट थेलोनियस मंकचं 'राउंड मिडनाइट' पक्कं स्टँडर्ड, पण शोशी काही संबंध नाही.

आणि 'माय फेव्हरिट थिंग्ज'? ब्रॉडवेवर 'द साउंड ऑफ म्युझिक'मध्ये १९५९, पुढच्याच वर्षी जॅझ सॅक्सोफोनिस्ट जॉन कोल्ट्रेनने सोप्रानो सॅक्सवर रेकॉर्ड केलं, तेरा मिनिटांच्या वर, बराच वेळ दोनच कॉर्ड्सवर घोळत. त्याच म्युझिकलवरचा सिनेमा १९६५ चा. म्हणजे सिनेमा यायच्या आधीच गाणं जॅझवाल्यांचं झालं होतं.