फॉलिक अम्ल

ब जीवनसत्त्व गटातील, पाण्यात विरघळणारे एक जीवनसत्त्व. ब-९ हे त्याचे दुसरे नाव. टेरोइलग्लुटामिक अम्ल या रासायनिक नावातच त्याची घडण आली आहे : टेरिडीन वलय, पॅरा-अमिनोबेंझोइक अम्ल आणि ग्लुटामिक अम्ल. पालेभाज्या, कडधान्ये व यकृत यांतील नैसर्गिक रूपांना फोलेट म्हणतात. त्यांत ग्लुटामिक अम्लाचे बहुधा अनेक रेणू साखळीने जोडलेले असतात. भाजी फार वेळ उकळून पाणी टाकून दिल्यास त्यांचा बराच अंश वाया जातो.

शोध : या जीवनसत्त्वाच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली. गरोदरपणातील तीव्र पांडुरोगाचे कारण शोधण्यासाठी ल्यूसी विल्स (१८८८–१९६४) ही इंग्रज रक्तविज्ञ १९२८ च्या सुमारास परळच्या हाफकिन संस्थेत आली. या रोगात तांबड्या पेशी संख्येने घटतात, पण आकाराने मोठ्या होतात. विल्सच्या रुग्ण गिरणी कामगार होत्या, असे सरसकट सांगितले जाते. तथापि सहसंशोधक तळपदे यांच्यासह केलेल्या तिच्या पाहणीचा भर मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि राहणीमान यांवर होता. रोगाचे प्रमाण गरीब मुस्लिम स्त्रियांत जास्त आढळले.

या रोगावर गुणकारी ठरलेला यीस्टचा अर्क (मार्माइट) विल्सने प्रथम कोणाला दिला, याविषयी वृत्तांत जुळत नाहीत. आजारी माकड मार्माइटने बरे झाले आणि तेथून शोध लागला, ही कथा लोकप्रिय आहे. परंतु रुग्णांवरील उपचाराचा लेख १९३१ चा, तर मुंबईच्या गरिबांसारखा आहार देऊन माकडांत पांडुरोग निर्माण केल्याचा सहसंशोधक बिलिमोरियांबरोबरचा लेख १९३२ चा आहे. प्रकाशनाचा क्रम हा प्रयोगांचा क्रम असतोच असे नाही, तरीही माकडाच्या कथेला फार महत्त्व देऊ नये, हे बरे. आधीच्या उंदरांवरील प्रयोगांत उवांमार्फत पसरणाऱ्या बार्टोनेला या जीवाणूच्या संसर्गाने घोटाळा केला होता.

मार्माइटमधील गुणकारी घटक कोणता, हा पुढचा वाद. यकृताने गुण येणारा मारक पांडुरोग (ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा) तेव्हा माहीत होता, त्यामुळे दोन्हींत एकच घटक असावा असे काहींना वाटले. कच्च्या यकृत अर्काने विल्सच्या रुग्णांना गुण येतो, मात्र मारक पांडुरोगावर चालणाऱ्या शुद्ध अर्काने येत नाही, असे १९३७ च्या सुमारास दिसल्यावर 'विल्स घटक' वेगळा ठरला. दरम्यान माकडांच्या संदर्भात 'एम', कोंबडीच्या पिलांच्या संदर्भात 'बी-सी' अशी नावे पुढे आली. ती बहुतांशी एकाच पदार्थाची होती. मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी १९४१ मध्ये पालकातून मिळवलेल्या घटकाला 'फॉलिक अम्ल' म्हटले. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालील गटाने १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार केले.

कार्य व न्यूनता : पेशीविभाजनासाठी लागणारे डीएनए घडवताना एक-कार्बनी (एकच कार्बन अणू असलेल्या) गटांची ने-आण करणे हे त्याचे मुख्य कार्य. म्हणून वेगाने विभागणाऱ्या अस्थिमज्जेवर न्यूनतेचा परिणाम लवकर दिसतो. गर्भाची मज्जातंतुनलिका (जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू बनतात) गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. म्हणजे बहुधा गरोदर असल्याचे कळण्यापूर्वी किंवा कळते त्याच सुमारास. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी ही नलिका नीट न मिटल्याचे व्यंग असलेले मूल झालेल्या स्त्रियांना रोज ४ मिग्रॅ. फॉलिक अम्ल दिल्याने पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी घटली. भारतात गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल असते.

ब-१२ ची न्यूनता असताना केवळ फॉलिक अम्ल दिल्यास रक्त सुधारते, मात्र मज्जातंतूंची हानी चालूच राहते. ब-१२ मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळत असल्याने शाकाहारी समाजात ही बाब महत्त्वाची. पुण्यातील याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये, गरोदरपणी ब-१२ कमी व फोलेट जास्त असलेल्या मातांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनरोध (इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद कमी असणे) अधिक असल्याचे नोंदवले. हे निरीक्षण आहे. त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.