पॉझिटिव्ह चाचणी आणि फसवणूक

एखाद्या नामवंत खेळाडूची डोपिंग चाचणी पॉझिटिव्ह आल्याची बातमी फोनवर झळकते आणि पाच मिनिटांत निकाल लागून मोकळा होतो. खेळाडू नावडता असेल तर तो चोर, आवडता असेल तर त्याच्याविरुद्ध कट. मी सतरा वर्षांची आहे आणि असल्या भांडणांत मीही हिरिरीने उतरते. पण त्यात सगळेच दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. शरीरात बंदी असलेलं द्रव्य सापडणं ही एक घटना आणि जिंकण्यासाठी लबाडी करणं ही दुसरी. कधी दोन्ही एकत्र असतात, कधी नुसती पहिली असते. आणि कधी दुसरी वर्षानुवर्षं चालू राहते, पहिलीचा मात्र पत्ताच नसतो.

कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सनच्या बाबतीत दोन्ही एकत्र होत्या. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये तो 100 मीटर 9.79 सेकंदांत धावला, नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडलं, सुवर्ण कार्ल लुईसकडे गेलं आणि पुढच्या वर्षी चौकशीत त्याने स्टेरॉइड घेतल्याचं कबूलही केलं. आपल्या डोक्यात डोपिंगचं जे चित्र असतं ते हेच. त्यामुळे प्रत्येक प्रकरण असंच असणार, असं आपण धरून चालतो.

आता आंद्रेआ राडुकान. 2000 चं सिडनी ऑलिंपिक, रुमानियाची जिम्नॅस्ट, वय 16. वैयक्तिक सर्वांगीण स्पर्धेत सुवर्ण. संघाच्या डॉक्टरने तिला सर्दीची गोळी दिली होती, त्यात स्यूडोएफेड्रिन होतं आणि तेव्हा ते बंदीच्या यादीत होतं. पदक काढून तिच्याच संघातल्या सिमोना अमानारला देण्यात आलं. राडुकानचं अपील फेटाळलं गेलं. कमाल म्हणजे 2004 मध्ये हे द्रव्य यादीतून वगळलं आणि 2010 मध्ये ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं तरच बंदी, अशा अटीवर परत आणलं. सोळा वर्षांच्या मुलीने संघाच्या डॉक्टरकडून गोळी घेताना त्यातले घटक तपासायला हवे होते, हे म्हणणं कागदावर ठीक आहे. मला तरी ते जमलं नसतं.

स्कीइंगपटू अॅलन बॅक्स्टरची गोष्ट तर आणखी विचित्र. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये त्याने स्लालममध्ये कांस्य जिंकलं. नाक चोंदलं म्हणून तो ब्रिटनमध्ये जे इनहेलर वापरायचा, त्याच नावाचं त्याने अमेरिकेत घेतलं. अमेरिकेतल्या इनहेलरमध्ये मेथअँफेटामिन या उत्तेजक द्रव्याचाच एक सौम्य प्रकार होता, ब्रिटनमधल्यात नव्हता. त्याचा फसवणुकीचा हेतू नव्हता, हे क्रीडा लवादानेही मान्य केलं. पदक मात्र परत मिळालं नाही.

मग असा कठोर नियम ठेवायचाच कशाला? कारण नमुना फार थोडं सांगू शकतो. तो अ आणि ब अशा दोन बाटल्यांत भरला जातो, बाटलीवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. प्रयोगशाळा आधी अ तपासते. खेळाडूने मागणी केली तर ब उघडली जाते. अमुक द्रव्य सापडलं, एवढंच तिथून कळतं. ते कोणी दिलं, कशासाठी घेतलं, खेळाडूला माहीत होतं का, यातलं काहीच लघवीत दिसत नाही. ‘हेतू सिद्ध करा, मगच कारवाई करा’ असा नियम केला तर प्रत्येक जण सर्दीच्या गोळीकडे बोट दाखवेल. म्हणून जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्था, म्हणजे वाडा, सांगते की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. हेतूचा प्रश्न त्यानंतर, शिक्षा किती द्यायची ते ठरवताना येतो. स्टेरॉइडसारख्या द्रव्याला साधारण चार वर्षांची बंदी असते. ते जाणूनबुजून घेतलं नव्हतं हे खेळाडूने पटवून दिलं तर ती कमी होते. अजिबात चूक नसेल तर बंदी शून्यावरही येते. पण ज्या स्पर्धेत नमुना घेतला, तिथला निकाल तरीही जातो. हे मला क्रूर वाटतं आणि तरीही मी हा नियम बदलणार नाही, कारण शेजारच्या लेनमधल्या खेळाडूने काहीच घेतलेलं नसतं.

‘एवढ्याशा प्रमाणाने काय होतंय?’ हा सोशल मीडियावरचा हमखास युक्तिवादही फसवा आहे. सूक्ष्म अंश म्हणजे चुकून झालेला संसर्ग असू शकतो, तसाच तो काही दिवसांपूर्वी घेतलेल्या मोठ्या डोसची शेपटीही असू शकतो. नुसत्या आकड्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही.

उलट्या बाजूचं उदाहरण म्हणजे अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग. 1999 ते 2005 अशा सलग सात टूर द फ्रान्स शर्यती, कर्करोगातून उठून जिंकलेला माणूस, आणि ‘इतक्या चाचण्या झाल्या, एकदाही सापडलो नाही’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. 1999 मध्ये कॉर्टिकोस्टेरॉइडचा अंश सापडला होता. मागची तारीख घालून केलेल्या प्रिस्क्रिप्शनवर ते प्रकरण मिटलं, हे पुढे साक्षींतून बाहेर आलं. 2012 मध्ये सातही किताब गेले ते प्रयोगशाळेमुळे नव्हे, 11 माजी सहकाऱ्यांच्या साक्षींमुळे. 2013 च्या जानेवारीत टीव्हीवर ओप्रा विन्फ्रीसमोर त्याने ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं द्रव्य), रक्त चढवणं, टेस्टोस्टेरॉन सगळं कबूल केलं. सिडनीत पाच पदकं मिळवणाऱ्या अमेरिकन धावपटू मॅरियन जोन्सचंही तेच. 2007 मध्ये तिने कबुली दिली आणि तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलल्याबद्दल तिला तुरुंगवास झाला. त्यामुळे ‘चाचणी निगेटिव्ह’ याचा अर्थ ‘त्या दिवशी, त्या नमुन्यात, शोधता येणारं काही नव्हतं’ इतकाच.

इथे प्रसिद्धीचा मुद्दा येतो. हेतू डोळ्यांना दिसत नाही, मग चाहते तो चेहऱ्यावरून ठरवतात. आर्मस्ट्राँगवर शंका घेणाऱ्या पत्रकारांना लोकांनी मत्सरी ठरवलं. याउलट 2021 मध्ये अमेरिकन धावपटू शकॅरी रिचर्डसनच्या नमुन्यात गांजाचा अंश सापडला. आईच्या निधनाची बातमी कळल्यानंतर घेतल्याचं तिने लगेच सांगितलं. शिक्षा एका महिन्याचीच होती, पण टोकियोची 100 मीटर हुकली. त्या गांजाने ती वेगात धावली असेल, असं मला मुळीच वाटत नाही. तरी कॉमेंट्समध्ये तिला जॉन्सनच्या रांगेत बसवणारे होतेच.

टेनिसपटू यानिक सिनरच्या प्रकरणात माझंच मत दोन दिशांना ओढलं जातं. 2024 च्या मार्चमध्ये त्याच्या दोन नमुन्यांत क्लोस्टेबोल हे स्टेरॉइड सापडलं. फिजिओने स्वतःच्या बोटावरच्या जखमेला ते द्रव्य असलेला स्प्रे मारला आणि त्याच हाताने मसाज केला, हे स्पष्टीकरण स्वतंत्र न्यायाधिकरणाने मान्य केलं. वाडाने अपील केलं आणि 2025 च्या फेब्रुवारीत तीन महिन्यांच्या बंदीवर तडजोड झाली. त्या काळात एकही ग्रँड स्लॅम नव्हती. त्याने फसवणूक केली असं मला वाटत नाही. पण स्वतःला निर्दोष ठरवायला वकील लागतात, तज्ज्ञ लागतात, तेही झटपट. पहिल्या दहात नसलेल्याने ते कुठून आणायचे? ‘सिनर सुटला’ म्हणून चिडणाऱ्यांनी खरं तर हा प्रश्न विचारायला हवा.

काही प्रकरणांत मात्र सीमारेषा शेवटपर्यंत सापडत नाही. रशियाची 15 वर्षांची कामिला वालियेवा 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंग करत होती. 25 डिसेंबर 2021 च्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे हृदयविकारावरचं औषध सापडल्याचं स्पर्धा सुरू असतानाच उघड झालं. आजोबांच्या औषधातून ते आलं असावं, असा तिच्या बाजूचा बचाव होता. 2024 च्या जानेवारीत क्रीडा लवादाने तो पुरेसा मानला नाही आणि नमुन्याच्या तारखेपासून चार वर्षांची बंदी घातली. सांघिक सुवर्ण अमेरिकेला, रौप्य जपानला गेलं. तिने ते जाणूनबुजून घेतलं का, हे तिला माहीत असेल किंवा तिलाही नसेल. बंदी मात्र पंधरा वर्षांच्या मुलीच्या नावावर लागली. तिचे प्रशिक्षक, डॉक्टर आणि औषधं हाताळणारे बाकीचे मोठे लोक त्या निकालात शिक्षा भोगणारे नव्हते.