लघवीत रक्त, पण दुखत काहीच नाही

पुण्यात कुणी लघवी लाल झाली म्हटलं की निदान जिन्यातच होतं : ‘खडा असेल, कुळथाचं कढण घ्या.’ बऱ्याचदा खडाच निघतो, नाहीतर आदल्या रात्रीचं बीट. पण खड्याचा माणूस बहुधा कळवळत येतो. पन्नाशी ओलांडलेल्या, त्यातून बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला काही न दुखता रक्त गेलं, तर कुळीथ राहू द्यावेत आणि युरॉलॉजिस्ट गाठावा. एकदाच दिसून थांबलं तरीही. गाठीचं रक्त असंच अधूनमधून येतं.

कर्करोग निघालाच, तर तो बहुतेक वेळा मूत्राशयात असतो. पण तेच अस्तर, युरोथेलियम, मूत्रवाहिनीतून वर किडनीतल्या नरसाळ्यासारख्या पोकळीपर्यंत गेलेलं असतं. या अस्तराच्या कर्करोगांपैकी वरच्या भागातले जेमतेम 5 ते 10 टक्के. थोडे, पण खोडीचे. मूत्राशयाची भिंत जाड स्नायूंची, इथली पातळ. त्यामुळे कळेपर्यंत सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत गाठ भिंतीत घुसलेली असते.

सीटी युरोग्राफीत, म्हणजे लघवीच्या मार्गाच्या सीटी स्कॅनमध्ये, शिरेतून दिलेला डाय (चित्रात उठून दिसणारं द्रव्य) किडनीतून उतरू लागला की सगळा मार्ग पांढरा दिसतो आणि गाठीच्या जागी खळगा. डायच्या आधीच्या चित्रात खडा चमकतो, गाठ चमकत नाही. दोघांतला घोळ तिथेच मिटतो.

लघवीतल्या पेशीही तपासतात. त्यासाठी सकाळची पहिली लघवी चालत नाही, कारण रात्रभर साठून पेशी खराब होतात. उग्र (हाय-ग्रेड) गाठीच्या पेशींचं केंद्रक मोठं, गडद, वेड्यावाकड्या कडांचं असतं. सौम्य (लो-ग्रेड, पण कर्करोगच) गाठीच्या पेशी मात्र निरोगी पेशींसारख्याच दिसतात आणि निसटतात.

मग मूत्रवाहिनीतून दुर्बीण घालून बायोप्सी. तुकडा एखाद-दोन मिलिमीटरचा. त्यावरून पॅथॉलॉजिस्ट गाठ उग्र की सौम्य ते सांगतो. किती खोल गेली ते बहुधा सांगता येत नाही, कारण तुकड्यात स्नायू आलेलाच नसतो. रिपोर्टातलं ते वाक्य वाचून लॅबवर चिडू नये.

तंबाखूखेरीज एक कारण काढेप्रेमींसाठी : ईश्वरी या औषधी वेलीच्या कुळातल्या वनस्पतींमधलं अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड. बाल्कन प्रदेशात आणि तैवानमध्ये त्याने किडन्याही गेल्या आणि हे कर्करोगही झाले. झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, हा समज इथे महागात पडतो.

गाठ उग्र असेल तर सहसा किडनी, पूर्ण मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयाला मिळते तिथला भाग काढतात. पुढे मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी चालू ठेवावी लागते, कारण बऱ्याच रुग्णांत नवी गाठ तिथे उगवते.