नमुना नागपुरात, पेशंट गडचिरोलीत

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यांत गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याकडून पेशंट येतात. बायोप्सीचा तुकडा देऊन माणूस संध्याकाळची एसटी पकडतो. आठवड्याभरात रिपोर्ट येऊन फाइलला लागतो. केसपेपरवरचा नंबर भाच्याचा असतो आणि तो लागत नाही. गावाकडे पेशंट म्हणतो, 'काही निघालं असतं तर फोन आला असता.' इकडे डॉक्टर धरून चालतात, की तो येईलच. कर्करोगाचं निदान झालेलं असतं, पण ते कपाटात पडून राहतं.

अशा वेळी दोष कोणाचा हे शोधण्यापेक्षा सिस्टिम्स इंजिनिअर, म्हणजे कामाची सगळी साखळी एकत्र तपासणारा इंजिनिअर, आधी टप्पे मोजतो. चाचणी लिहिणं, नमुना घेणं, लेबल, वाहतूक, तपासणी, रिपोर्ट बनणं, तो डॉक्टरांकडे पोचणं, वाचला जाणं, पेशंटला कळणं, उपचार सुरू होणं: हे झाले १० टप्पे. प्रत्येक टप्पा १०० पैकी ९५ वेळा नीट झाला, तरी शेवटपर्यंत साधारण ६० जणच पोचतात. सगळे मन लावून काम करत असतानाही ४० जण सुटतात.

मग प्रत्येक टप्प्यावरच्या चुकीला गुण देतात. परिणाम किती गंभीर, चूक किती वेळा होते आणि ती लक्षात येणं किती अवघड, यांना १ ते १० गुण देऊन तिन्हींचा गुणाकार करायचा. समजा, लेबलची अदलाबदल ९ × ३ × ३ म्हणजे ८१, कारण प्रयोगशाळेत ती बऱ्याचदा पकडली जाते. 'रिपोर्ट आला, पण वाचलाच गेला नाही' याचे मात्र ९ × ४ × ८, म्हणजे २८८. ही चूक कुठेच दिसत नाही, म्हणूनच ती सर्वांत घातक.

कुलरच्या टाकीतला फ्लोट आठवा. पाणी ठरल्या पातळीला पोचल्यावरच तो नळ बंद करतो. चाचणीची नोंदही तशीच हवी. रिपोर्ट आला म्हणून ती बंद होऊ नये. पेशंटला सांगितलं आणि पुढची तारीख दिली, की मगच बंद.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, साधं रजिस्टर चालतं. मात्र चाचणी लिहितानाच 'रिपोर्ट कधीपर्यंत' हा रकाना भरायला हवा. लघवीच्या कल्चरला (जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीला) २-३ दिवस, बायोप्सीला साधारण आठवडा. क्षयाचं द्रव माध्यमातलं कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस लागतात. तोवर पेशंट घरी गेलेला असतो आणि चाचणी लिहिणारा निवासी डॉक्टर दुसऱ्या युनिटला. म्हणून जबाबदारी नावावर नको, पदावर लिहावी. रोज सकाळी एकाने तारीख उलटलेल्या नोंदी काढायच्या. दोन फोन नंबर घ्यायचे आणि एकावर तिथेच रिंग देऊन बघायची. गंभीर रिपोर्ट फोनवर सांगितला, तर ऐकणाऱ्याने तो परत वाचून दाखवायचा. किरकोळ फरकाच्या रिपोर्टांना मात्र गजर लावू नये. दिवसाला पन्नास गजर वाजले, की एकावन्नावा कोणी ऐकत नाही.

लक्षणांचंही तसंच. 'बरं नाही वाटलं तर या' या सांगण्याला मुदतच नाही. 'खोकला दोन आठवडे राहिला तर थुंकी तपासायला या, ही तारीख' असं केसपेपरवर लिहून द्यावं. आणि पेशंटने निघताना तीन गोष्टी विचाराव्यात: रिपोर्ट कधी मिळेल, कोण सांगेल, त्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर मी कोणत्या नंबरवर लावू?