किरणोत्सारी प्रतिपिंडांद्वारे स्तनकर्करोगाचे चित्रण

स्तनाच्या कर्करोगपेशींवरील एखाद्या प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे ठराविक लक्ष्य ओळखणारे रोगप्रतिकारक प्रथिन) किरणोत्सारी अणू जोडून शिरेवाटे शरीरात सोडायचे आणि ते कोठे साठले हे काही दिवसांनी शरीराबाहेरून टिपायचे, असे हे अणुवैद्यकातील तंत्र आहे. मॅमोग्राफी किंवा सीटी स्कॅन यांत गाठीचा आकार दिसतो आणि ग्लुकोजसदृश द्रव्य वापरून केलेल्या नेहमीच्या पेट (पीईटी, पॉझिट्रॉन उत्सर्जनावर आधारित) स्कॅनमध्ये पेशींची साखरेची भूक दिसते. या तंत्रात मात्र गाठीवर विशिष्ट प्रथिन आहे की नाही हे कळते. त्यामुळे गाठ शोधण्यापेक्षा सापडलेल्या गाठीचा स्वभाव ओळखण्यासाठी ते अधिक मोलाचे आहे.

स्तनकर्करोगात यासाठी सर्वाधिक अभ्यासले गेलेले प्रथिन म्हणजे पेशीला वाढीचा संदेश देणारे एचईआर-२. साधारण १५ ते २० टक्के रुग्णांच्या कर्करोगपेशींच्या पृष्ठभागावर ते प्रमाणाबाहेर वाढलेले असते. त्याला चिकटणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाला १९९८ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. उपचारासाठी घडवलेला हाच रेणू खुणेचा अणू जोडून चित्रणासाठीही वापरता येतो, ही या शाखेची मोठी सोय आहे.

मूळ कल्पना जुनी आहे. अमेरिकी संशोधक डेव्हिड प्रेसमन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी आयोडीन जोडलेले प्रतिपिंड प्राण्यांच्या ठराविक अवयवात जमा होतात, हे दाखवले. डेव्हिड गोल्डनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये अशा प्रतिपिंडांच्या साहाय्याने रुग्णांमधील निरनिराळ्या कर्करोगांच्या गाठी चित्रित केल्या. त्याआधी, १९७५ मध्ये, कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची रीत शोधली होती. मात्र सुरुवातीचे असे प्रतिपिंड उंदराचे असल्याने रुग्णाचे शरीर त्यांच्याविरुद्धच प्रतिपिंड तयार करू लागे. मानवी रूप दिलेल्या प्रतिपिंडांमुळे ही अडचण बरीच कमी झाली.

या तंत्राचे यश कालगणनेवर अवलंबून असते. संपूर्ण प्रतिपिंड हा सुमारे १,५०,००० डाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाचा अवजड रेणू आहे. तो रक्तात अनेक दिवस फिरत राहतो आणि गाठीत हळूहळू झिरपतो. त्याला जोडलेल्या अणूचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, तासाभराचे असेल, तर प्रतिपिंड गाठीत पुरेसा साठण्याआधीच खूण विझून जाईल. म्हणून येथे २.८ दिवस अर्धायुष्याचे इंडियम-१११ आणि सुमारे ३.३ दिवसांचे झिर्कोनियम-८९ उपयोगी पडतात. इंडियमचे गॅमा किरण स्पेक्ट कॅमेरा टिपतो. झिर्कोनियम पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच पण धनभारित कण) सोडते; पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना भिडून नष्ट होताना विरुद्ध दिशांना निघणारे दोन फोटॉन पेट यंत्र एकाच क्षणी पकडते, त्यामुळे चित्र अधिक रेखीव येते आणि साठ्याचे मोजमापही करता येते. झिर्कोनियमचा अणू प्रतिपिंडावर धरून ठेवण्याचे काम डेफेरॉक्सामीन हा चिमट्यासारखा रेणू करतो. चिमट्याची पकड सैल पडली तर सुटलेले झिर्कोनियम हाडांत जाऊन बसते. स्तनकर्करोग हाडांतच वारंवार पसरत असल्याने चित्र वाचणाऱ्याने ही शक्यता सतत ध्यानात ठेवावी लागते.

इंजेक्शननंतर काही तासांत घेतलेल्या चित्रात हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्याच ठळक दिसतात, कारण बहुतेक प्रतिपिंड अजून रक्तातच असतात. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथील संशोधकांनी २०१० मध्ये १४ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला; त्यात झिर्कोनियमयुक्त ट्रास्टुझुमॅबचे सर्वांत स्पष्ट चित्र चौथ्या-पाचव्या दिवशी मिळाले. तोवर रक्तातील खूण फिकी पडते आणि गाठी पार्श्वभूमीतून वर येतात. ट्रास्टुझुमॅबचा उपचार पूर्वी न घेतलेल्या रुग्णांना केवळ १० मिलिग्रॅम प्रतिपिंड दिले असता ते रक्तातून फार लवकर नाहीसे झाले. बिनखुणेचे प्रतिपिंड मिसळून मात्रा ५० मिलिग्रॅम केल्यावर चित्र सुधारले. तो उपचार चालू असलेल्यांना मात्र १० मिलिग्रॅम पुरले.

बायोप्सीत सुईच्या टोकाएवढ्या जागेचा नमुना मिळतो. रोग हाडे, फुप्फुसे आणि लसिकाग्रंथींत पसरलेला असेल, तर प्रत्येक ठिकाणी सुई घालणे शक्य नसते आणि एका ठिकाणचे उत्तर दुसऱ्या ठिकाणी खरे असेलच असे नाही. झेफिर या चाचणीत बायोप्सीनुसार एचईआर-२ असलेल्या, कर्करोग पसरलेल्या रुग्णांचे असे चित्रण केले, तेव्हा सुमारे २९ टक्के जणींच्या बहुतांश गाठींत खूण साठलीच नव्हती, आणि या गटात ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिनचा (ट्रास्टुझुमॅबला पेशीमारक द्रव्य जोडलेल्या औषधाचा) उपयोगही कमी झाला. महागड्या आणि दुष्परिणाम असलेल्या औषधाबाबत ही माहिती उपचाराआधी हाती येणे रुग्णाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

तंत्राच्या मर्यादाही खऱ्या आहेत. यकृतात प्रतिपिंड मुळातच साठत असल्याने तेथील गाठी झाकोळल्या जातात. मेंदूत, रक्त आणि मेंदू यांमधील अडसर रोगाने ढिला केला असेल तरच प्रतिपिंड शिरतो. झिर्कोनियमच्या ३७ मेगाबेकरेल (किरणोत्साराचे एकक) मात्रेतून शरीराला सुमारे १८ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या प्रारणाचे एकक) प्रारण मिळते, म्हणून ही तपासणी वरचेवर करता येत नाही. चित्रासाठी कित्येक दिवस थांबावे लागते, ही गैरसोय वेगळीच. त्यामुळे तिचा वापर अजून प्रामुख्याने संशोधनापुरता आहे.

प्रतीक्षा टाळण्यासाठी प्रतिपिंडाचे छोटे तुकडे आणि तत्सम प्रथिने वापरून पाहिली जात आहेत. सुमारे १५,००० डाल्टनचे नॅनोबॉडी आणि त्याहूनही लहान अॅफिबॉडी रक्तातून झपाट्याने निघून जातात, म्हणून त्यांना ६८ मिनिटे अर्धायुष्याचे गॅलियम-६८ जोडून त्याच दिवशी चित्र घेता येते. त्यांचा निचरा मूत्रपिंडांतून होत असल्याने तेथे मात्र दाट साठा दिसतो.